साठ लाखांचं नवं-जुनं

१,१६,६६,६६६ रुपये. हैदराबादच्या निजामाच्या इतिहासात ही रक्कम भेटते आणि बहुतेक लेखक ती उतरवून घेऊन पुढे सरकतात. मला मात्र तिच्यातल्या सहांच्या रांगेनं कित्येक वर्षं झपाटलं आहे. खरं देणं इतकं सुबक कधीच नसतं. ७ लाखांना ०.०६ ने भागून पाहा, हीच रक्कम येते.

उत्तर सरकार या किनारी प्रांतापोटी ईस्ट इंडिया कंपनी निजामाला दरसाल ७ लाखांची पेशकश देणं लागत होती, तीही कायमची. १८२३ साली कंपनीनं एकरकमी पैसे मोजून त्या देण्यातून अंग काढून घेतलं. शेकडा ६ दरानं ज्या मुद्दलाचं वर्षाचं व्याज ७ लाख होतं, ते मुद्दल म्हणजे ही रक्कम. पैसे कशासाठी? विल्यम पामर आणि कंपनी या हैदराबादच्या पेढीचं कर्ज फेडण्यासाठी. आणि ते कर्ज मुख्यतः फौजेच्या पगाराचं. पुढे हैदराबाद कंटिन्जंट म्हणून ओळखल्या गेलेल्या या फौजेची एक मोठी छावणी आमच्या पुसेगावाजवळ, हिंगोलीत होती.

पामर हा इंग्रज सेनापती आणि फैजबक्ष बेगम यांचा मुलगा. निजामाचा कारभार पाहणारा राजा चंदूलाल त्याच्याकडून शेकडा २४-२५ दरानं पैसे उचलत असे. १७७३ च्या कायद्यानं हिंदुस्थानातल्या ब्रिटिश प्रजेला शेकडा १२ च्या वर व्याज घ्यायला बंदी होती. संस्थानी मुलखाला तो कायदा लागू नाही, असा कायदेपंडितांचा सल्ला पेढीनं मिळवला. गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जनंही परवानगी दिली. त्याच्या पालकत्वाखाली वाढलेली मुलगी पेढीचा भागीदार विल्यम रम्बोल्ड याची बायको होती.

१८२० मध्ये ६० लाखांचं नवं कर्ज मंजूर झालं. दर शेकडा १८, म्हणजे निजामाला सवलतच. त्याच वर्षाच्या शेवटी चार्ल्स मेटकाफ हैदराबादला कंपनीचा रेसिडेंट म्हणून आला. पामर मंडळींशी त्याचा घरोबा होता, तरीही त्यानं हिशेब उकरला. मला या सगळ्या प्रकरणात हाच माणूस सर्वांत मोठा वाटतो. त्याला दिसलं, की ६० लाखांतले ८ लाख ही भागीदारांनी आपसांत वाटून घेतलेली बक्षिशी आहे. उरलेल्यातलाही मोठा भाग नवा पैसा नव्हताच. जुन्या खात्यावरची बाकी नव्या खात्यावर आली होती.

आता आकडा मांडू. पदरात पडलेले जास्तीत जास्त ५२ लाख, व्याज मात्र ६० लाखांवर. वर्षाला १०.८ लाख. खरा दर शेकडा २०.८ च्या जवळ जातो. आणि त्या ५२ लाखांतही मागचं थकलेलं व्याज मुद्दल बनून बसलेलं. चक्रवाढ अशी येते. वर्गात आपण सूत्र शिकतो, प्रत्यक्षात खत, म्हणजे कर्जरोखा, फिरतं. दर उतरल्याचा आनंद होतो आणि मुद्दल फुगल्याचं लक्षात येत नाही.

कंपनीच्या हमीवर शेकडा ६ नं पैसे उभारून पामरचं देणं एकदाचं फेडावं, असं मेटकाफनं सुचवलं. हेस्टिंग्ज भडकला आणि दोघांत कडवट पत्रव्यवहार झाला. १८२३ च्या सुरुवातीला हेस्टिंग्ज पद सोडून गेल्यावरच वाट मोकळी झाली. पुढच्याच वर्षी पेढी बुडाली.

पेशकश सोडून कर्ज फेडण्याचा हा व्यवहार निजामाची लूट होती, असं म्हणण्याचा मोह होतो. हिशेब तसं म्हणत नाही. शेकडा १८ नं ७ लाख हे जेमतेम ३९ लाखांचं व्याज, शेकडा २५ नं तर २८ लाखांचंच. तेवढं उत्पन्न सोडून त्याहून किती तरी मोठं कर्ज फिटलं. सौदा बरा होता. चूक पुढे झाली. फौजेचा खर्च तसाच राहिला, पगार पुन्हा तुंबले आणि आता सावकार खुद्द कंपनी झाली. या देण्यापोटी २१ मे १८५३ च्या तहानं गव्हर्नर जनरल डलहौसीनं वऱ्हाड ताब्यात घेतला. वाशीम-रिसोड तिकडे गेलं, पुसेगाव निजामाकडे राहिलं.

गावातला हिशेब याहून वेगळा नव्हता. दरमहा शेकडा २ म्हणजे सरळ व्याजानं वर्षाला २४. तेच दर महिन्याला मुद्दलात मिळवलं तर २६.८२. सरळ व्याजानं रक्कम दुप्पट व्हायला ५० महिने लागतात, चक्रवाढीनं ३५. दामदुपटीचा जुना नियम व्याजाला मुद्दलापलीकडे जाऊ देत नसे, पण नवं खत लिहिलं की व्याजाचंच मुद्दल होई आणि नियमाची हद्दच पुढे सरके. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांकडची नेमकी खतंच जाळली. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा या मर्मावर बोट ठेवतो. न्यायाधीशानं खताच्या मागे जावं, मुद्दल आणि व्याज वेगळं मांडावं, मुद्दलात मिसळलेलं व्याज बाहेर काढावं. पुणे, सातारा, सोलापूर, नगरला तो लागू झाला. निजामाच्या मुलखात नाही.

सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्ये शेतीकर्जावर तिमाही-सहामाही चक्रवाढ लावायला बँकांना मनाई केली, कारण पीक तिमाहीला येत नाही. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यात सावकाराला चक्रवाढ घेताच येत नाही. तरी नवं-जुनं, म्हणजे जुनं देणं व्याजासकट नव्या कागदावर चढवणं, चालूच आहे. शेकडा १२ चं १ लाखाचं कर्ज दरसाल व्याजासकट नवं केलं, तर पाचव्या वर्षी १,७६,२३४ होतं, दहाव्या वर्षी ३,१०,५८५. सरळ व्याजानं दहा वर्षांत २,२०,०००. हा ९०,५८५ चा फरक नव्या कागदावर कुठेच दिसत नाही, कारण तिथे सगळंच मुद्दल असतं. तो काढायचा तर पहिला कागद लागतो. सोयाबीन विकून आलेल्या पैशातून देणं नवं-जुनं करताना जुनं खत, जुना पासबुकाचा उतारा परत देऊ नये, फाडू नये. सावकारीची तक्रार घेऊन जिल्हा उपनिबंधकाकडे गेलेल्या माणसाला मूळ रक्कम दाखवायला तोच कागद उपयोगी पडतो.