बैठक पडद्यावरची, थकवा मात्र खरा

नागपुरात मे महिन्यात घरून काम करणाऱ्यांपुढे एक पेच हटकून उभा राहतो. पारा ४५ अंशांच्या घरात असताना कूलर सुरू ठेवावा, तर त्याची घरघर मायक्रोफोनमधून सर्वांना ऐकू जाते. बंद करावा, तर व्हिडिओ बैठक संपेपर्यंत घामाने निथळावे लागते. अमेरिकेतील ग्राहकांसाठी काम करणाऱ्यांचा दिवस तर आणखी लांबतो. आपल्याकडे सायंकाळचे साडेसात वाजतात, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यातील सकाळचे १० वाजलेले असतात. ‘दिवसभर खुर्चीतच तर होतास, मग दमलास कशाने?’ हा घरच्यांचा प्रश्न अशा वेळी जिव्हारी लागतो.

२०२० च्या टाळेबंदीत या बैठका घरोघरी शिरल्या. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्रा. जेरेमी बेलन्सन यांनी या थकव्यामागील चार कारणे मांडली : अगदी जवळून रोखल्यासारख्या भासणाऱ्या अनेक नजरा, हालचालींवरील बंधन, हावभाव समजून घेण्यासाठी व मुद्दाम दाखविण्यासाठी मनाला पडणारे जादा श्रम, आणि सतत समोर दिसणारा आपलाच चेहरा. शेवटचे कारण क्षुल्लक वाटते, पण ते तसे नाही. पानठेल्यावरच्या आरशात आपण क्षणभर डोकावतो आणि पुढे जातो; येथे तो आरसा तासन्‌तास हटत नाही. २०२१ मध्येच दहा हजारांहून अधिक व्यक्तींच्या पाहणीत दर सात स्त्रियांमागे एकीने तीव्र थकवा नोंदविला. पुरुषांत हे प्रमाण विसांत एक होते. स्वतःच्या प्रतिमेकडे वेधले जाणारे लक्ष हे या तफावतीमागील मोठे कारण आढळले.

पहिला उपाय त्यामुळे फुकटचा आहे. आपली चौकट केवळ आपल्यापुरती लपविण्याची सोय अनेक प्रणालींत असते. इतरांना आपण दिसतच राहतो. दोन बैठकांच्या मध्ये उठून चार पावले चालावे, हे तर सांगणे न लगे.

कॅमेरा बंद करणे याहून परिणामकारक. पण ते कर्मचाऱ्याच्या हाती असतेच असे नाही. अमेरिकेत १०३ कर्मचाऱ्यांवर चार आठवडे केलेल्या प्रयोगात कॅमेरा सुरू असताना थकवा अधिक आढळला, आणि त्याची झळ स्त्रियांना व नव्याने रुजू झालेल्यांना जास्त बसली. म्हणजे ‘कॅमेरा बंद ठेवू का?’ असे विचारताना नवख्याला संकोच वाटतो, आणि गरजही त्यालाच अधिक! ही मुभा वरिष्ठांनीच आपणहून द्यावयास हवी. जेथे केवळ माहिती ऐकावयाची असते, तेथे आवाज पुरेसा आहे. श्रोत्याने आपला मायक्रोफोनही बंद ठेवला, की कूलर खुशाल सुरू ठेवता येतो.