आबांची डोलकाठी

दिवाळीची सुटी लागली, की मराठी घरातल्या मुलाला मातीचे डोहाळे लागतात. विटा, दगड, गोणपाट आणि चिखल यांची जमवाजमव सुरू होते. वर अळीव पेरायचे, पायथ्याशी तळे करायचे, बुरुजांवर मावळे उभे करायचे आणि सर्वांत उंच जागी महाराजांना बसवायचे. सिंहगडाएवढा डोंगर अंगणाच्या कोपऱ्यात चार फुटांत आणून बसवणे, हे काही ऐऱ्यागैऱ्याचे काम नव्हे! पण गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या चिरंजीवांनी घरात जाहीर करून टाकले, "यंदा किल्ला नाही. यंदा जहाज!"

जहाज म्हणजे आमच्या मेव्हण्यांनी परदेशातून आणलेला एक भला मोठा खोका. त्यात प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले शेकडो तुकडे, दोऱ्याची रिळे, पातळ प्लॅस्टिकची शिडे आणि एक जाडजूड पुस्तिका होती. सारे जुळवले, की 'कॉन्स्टिट्यूशन' नावाची अमेरिकन युद्धनौका तयार व्हायची. मूळ जहाज बोस्टनला १७९७ साली पाण्यात उतरले. ४४ तोफांचे म्हणून त्याची गणना होते आणि ते आजही तिथल्या आरमाराच्या पटावर आहे. १८१२च्या लढाईत इंग्रजांचे तोफगोळे त्याच्या कुशीवर आपटून परत फिरले, म्हणून लोकांनी त्याला 'लोखंडी कुशीचे' असे लाडके नाव दिले. खरे म्हणजे ती कूस लोखंडाची नव्हे, ओकच्या भक्कम लाकडाची होती.

नमुन्याचे प्रमाण होते शहाण्णवास एक. म्हणजे खऱ्या जहाजाच्या एका फुटाला आमच्याकडे इंचाचा आठवा हिस्सा. या हिशेबाने साडेपाच फुटी खलाशी पाऊण इंचही भरत नाही. जहाज मात्र नाळेच्या पुढल्या काठीसकट जवळजवळ तीन फूट. आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात तीन फूट जागा ही केवढी चैन, ते शहरातल्या वाचकांना सांगावयास नकोच. सौभाग्यवतींनी जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग आरमाराला तोडून दिला आणि उरलेल्या अर्ध्यावर आम्ही चार महिने वरणभात खाल्ला.

दोऱ्यांचे व्याकरण

हा छंद म्हणजे पोरखेळ, अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच आठवड्यात गेली. तुकडे जोडण्याआधी रंगवावे लागतात, कारण जोडल्यानंतर आतल्या तोफेपर्यंत कुंचला पोचत नाही. चिकटवायचे द्रावण आपल्या डिंकासारखे नसते. ते प्लॅस्टिकचा पृष्ठभाग क्षणभर विरघळवते आणि दोन तुकडे एकजीव करून टाकते. चूक झाली, तर ती कायमची. शाळेच्या वहीत खाडाखोड करण्यात पटाईत असलेले आमचे चिरंजीव इथे मात्र तीन तीनदा मोजू लागले. गणितात जेमतेम पास होणारा हा मुलगा बोटांवर शहाण्णवांचे भागाकार करताना पाहून मी मनातल्या मनात त्याच्या गुरुजींची क्षमा मागितली.

खरी परीक्षा दोऱ्यांची. शिडाच्या जहाजावर दोर दोन जातीचे. काही दोर डोलकाठ्यांना जागच्या जागी धरून ठेवतात. ते कधी सुटत नाहीत. त्यांना डांबर फासलेले असे, म्हणून नमुन्यावर ते काळ्या दोऱ्याचे करायचे. दुसरे दोर ओढायचे नि सोडायचे. शिडे आणि त्यांच्या आडव्या काठ्या त्यांच्यावर चालतात. ते ताकाच्या रंगाचे. मी मराठीचा मास्तर असल्यामुळे मला यात धातू नि प्रत्यय दिसू लागले! दोरा वापरण्यापूर्वी तो मधमाश्यांच्या मेणावरून ओढून घ्यायचा, म्हणजे त्याची लव बसते. मग चिमट्याने शेकडो गाठी मारायच्या, तेव्हा कुठे खलाशांनी वर चढायच्या दोरशिड्या तयार होतात.

आणि तिथेच घात झाला. एका बाजूचे दोर ताणले, तशी प्लॅस्टिकची मधली डोलकाठी त्या बाजूला लवली. दुसऱ्या बाजूने ताणून ती सरळ करायला गेलो, तो वरच्या टोकाशी काड्‌कन मोडली. चिरंजीव रडले नाहीत. ते नुसते उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. ते मला रडण्यापेक्षा जड गेले.

कोंडाण्याचे सुतार

दिवाळीला आम्ही दरवर्षी कोंडाण्याला जातो. कर्जतजवळचे, राजमाचीच्या पायथ्याचे हे आमचे गाव. आमचे घराणे सुतारांचे. माझे वडील, ज्यांना मी अण्णा म्हणतो आणि नातू आबा म्हणतो, यांनी पन्नास वर्षे पंचक्रोशीतल्या घरांचे वासे, दारे नि नांगर घडवले. मी एकुलता एक मुलगा. मी एम. ए. झालो, कॉलेजात लागलो, शहरात राहिलो. अण्णांनी कधी अडवले नाही. पाच वर्षांपूर्वी मोतीबिंदूने त्यांचे काम थांबले, तेव्हा ते एवढेच म्हणाले होते, "आता हत्यारं कुणाला द्यायची?"

मी वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणालो होतो, "विकून टाका."

त्यानंतर त्यांनी हत्यारांचा विषय काढला नाही आणि मीही नाही. पेटी माळ्यावर गेली. बापलेकांमध्ये अशी एखादी पेटी असतेच. तिच्यावर धूळ बसते आणि आपण तिला शांतता म्हणतो.

कर्जत लोकलमध्ये चिरंजीव मोडके जहाज मांडीवर घेऊन बसले. चौथ्या सीटसाठी भांडणारी माणसे त्या दिवशी आपखुशीने सरकली, ही जहाजाची पहिली कमाई. घरी पोचल्यावर अण्णांनी ते ओसरीवर ठेवायला सांगितले. डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली होती, तरी ते डोळ्यांपेक्षा बोटांनीच पाहत होते. लवलेल्या काठ्यांवरून त्यांनी एकदा अंगठा फिरवला.

"याला कणा नाही," ते म्हणाले. "दोर ओढ घेणार. ओढ सोसायला लाकूड पायजे."

मग नातवाकडे वळून, माझ्याकडे न पाहता, त्यांनी विचारले, "माळ्यावर चढशील का रे?"

पेटी खाली आली. रंधा, पटाशी, वाकस, गुण्या, सामता, सगळे तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवलेले. पाच वर्षांत गंजाचा ठिपका नव्हता. म्हणजे कोणीतरी अधूनमधून पेटी उघडत होते. मी मान खाली घातली.

जुन्या दाराच्या चौकटीचा सागवानी तुकडा निघाला. अण्णांनी सरळ रेषेची शीर पाहून कांब फाडली आणि आधी चौकोनी, मग आठकोनी, मग गोल असा क्रम नातवाला दाखवला. "एकदम गोल करायला जाशील, तर वाकडी होईल." दोन दिवसांत तिन्ही डोलकाठ्या तयार झाल्या. तिसरी पोराने एकट्याने केली आणि आबांनी ती न बोलता पहिल्या दोघींच्या शेजारी ठेवली. यापेक्षा मोठी शाबासकी मला उभ्या जन्मात मिळाली नव्हती.

"आपलं जहाज कुठलं?"

काम चालू असताना अण्णांनी विचारले, "हे जहाज कुणाचं म्हणालास?"

"अमेरिकेचं, आबा."

"आणि आपलं कुठलं?"

नातवाने माझ्याकडे पाहिले. प्राध्यापकाला उत्तर द्यावे लागते. मी ते दिले आणि देता देता स्वतःच चकित झालो.

आमच्या अंगणापलीकडून जे पाणी उतरते, ते उल्हास नदीला मिळते. उल्हास कर्जतवरून कल्याणला जाते आणि वसईच्या खाडीने समुद्र गाठते. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि त्याच कल्याणच्या खाडीत मराठ्यांची पहिली लढाऊ गलबते बांधली जाऊ लागली. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या काळी या आरमाराचा दरारा एवढा वाढला, की इंग्रज, पोर्तुगीज, डच सारेच त्याच्याशी झुंजले. दोन-तीन डोलकाठ्यांची, पुढे निमुळती, नाळेवरून समोर तोफा डागणारी गुराबे आणि त्यांना वारा पडल्यावर ओढून नेणारी वल्ह्यांची गलबते, ही त्या आरमाराची जोडी. कान्होजी १७२९ साली वारले. १७५६च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. इंग्रजांच्या त्या मोहिमेत पेशव्यांचे सैन्यही त्यांच्या बाजूला होते, हे सांगताना माझा आवाज जरा बसला.

"मग काहीच उरलं नाही?" पोराने विचारले.

उरले आहे, पण फार दूर. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातले पारशी कारागीर पिढ्यान्‌पिढ्या जहाजे बांधत. लवजी नसरवानजी १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या वंशजांनी इंग्रजी आरमारासाठी एकाहून एक जहाजे घडवली. त्यांतल्याच 'कॉर्नवॉलिस'वर १८४२ साली चीनचा नानकिंगचा तह झाला. नेपोलियनच्या लढायांनी विलायतेत ओकचा तुटवडा पडला, तेव्हा एक फ्रिगेट मलबारी सागाची मुंबईत बांधायचे ठरले. सागात तेल असते. त्यामुळे तो पाण्यात टिकतो आणि ओकसारखे लोखंडी खिळे खात नाही. त्या फ्रिगेटचे नकाशे घेऊन 'जावा' नावाचे जहाज हिंदुस्थानाकडे निघाले. वाटेत, २९ डिसेंबर १८१२ रोजी, ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ शत्रूच्या एका युद्धनौकेने त्याला गाठले आणि निकामी केले. नकाशे मुंबईला पोचलेच नाहीत. त्यांची दुसरी प्रत पाठवावी लागली.

"ती शत्रूची नौका कोणती असेल?" मी विचारले.

पोराने ओसरीवरच्या जहाजाकडे पाहिले आणि त्याचे डोळे मोठे झाले. होय, 'कॉन्स्टिट्यूशन'च!

मुंबईचे जहाज मग १८१६ साली सुरू झाले. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी पारशी रिवाजाप्रमाणे त्याच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते पाण्यात उतरले. नाव 'ट्रिंकोमाली', तळमजला दीडशे फूट लांब, तोफा ३८. त्याने पुढे युद्धाचा काळ संपलेला पाहिला, मुलांना खलाशीकाम शिकवणारे जहाज म्हणून नव्वदेक वर्षे काढली आणि १९८७ पासून विलायतेत हार्टलपूल येथे त्याचा जीर्णोद्धार झाला. आजही ते तिथे पाण्यावर तरंगते आहे. ज्याने त्याच्या नकाशांना बुडवले, ते बोस्टनला तरंगते आहे. दोघे वैरी दोनशे वर्षांनंतर म्हातारपणी दोन किनाऱ्यांवर उन्हे खात बसले आहेत.

अण्णा एवढेच म्हणाले, "सागाचं आहे ना? मग राहील."

दगडातला सुतार

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे लेण्यांकडे निघालो. गावातून रानातल्या पायवाटेने चढ आहे. अण्णा काठी टेकीत, थांबत थांबत आले. कोंडाण्याची ही बौद्ध लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची. विहारात शिरताच अण्णा वर बघत उभे राहिले. छताला दगडात तुळया कोरल्या आहेत आणि तुळयांवर वासे. दगडाला त्यांची काडीची गरज नाही. डोंगराला तुळई कशाला हवी? पण पूर्वी सभागृहे लाकडाची असत. दगडात कोरणाऱ्याने आपल्या ओळखीचे लाकडी घर जसेच्या तसे खडकात उतरवले. चैत्याच्या दर्शनी भागावरही तेच, कमान, वाशांची टोके, कठडे. कार्ल्याच्या चैत्यात तर छताच्या कमानीला सागाच्या खऱ्या फासळ्या अजून आहेत.

"हे सुतारानं केलंय," अण्णा ठामपणे म्हणाले. "दगडफोड्याला हे सुचणार नाही." मग चैत्याच्या गोल छताकडे हात करून नातवाला म्हणाले, "तुझं जहाज उलटं केलं तर?"

पोरगा हसला. खरेच, उपडे घातलेले जहाजच ते!

तिथे एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मीत छोटा लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, एवढाच त्याचा अर्थ. राजाचे नाव नाही, देणगीचा आकडा नाही. गुरूचे नाव आणि आपले नाव. मी तो वर्गात कितीदा सांगितला असेल! त्या दिवशी माझ्या शेजारी उभा असलेला माझा मुलगा तो ऐकत होता आणि मला त्याचा अर्थ नव्याने कळत होता.

जहाज यंदाच्या गणेशोत्सवात पुरे झाले. काळे दोर ताठ बसले, काठ्या तसूभर लवल्या नाहीत. आता ते आमच्या पुस्तकांच्या कपाटावर आहे. परवा धूळ झाडताना मी बैठकीची लाकडी पट्टी उलटून पाहिली. खाली पेन्सिलीने, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिले होते, 'आबांच्या शिष्याने केले.'

त्यात मधल्या पिढीचे नाव कुठेच नव्हते. क्षणभर वाईट वाटले, हे कबूल करतो. मग मी अण्णांना फोन लावला.

"अण्णा, या दिवाळीत येतो तेव्हा मला ती पटाशी धरायला शिकवाल?"

पलीकडे जरा वेळ कोणी बोलले नाही.

"ये," ते म्हणाले. "पण हात कापून घेशील. प्राध्यापक आहेस."