हूड फाटकं चालेल, कागद अर्धवट नको

कन्व्हर्टिबल म्हटलं की मरीन ड्राइव्हवरची परदेशी गाडी आठवते. पण छत काढता येणारी गाडी दिग्रसला नवी नाही. महिंद्राची एमएम 540, मारुतीची जिप्सी, 2010 मध्ये आलेली पहिली थार या कापडी हुडाच्याच गाड्या, आणि यवतमाळ जिल्ह्याच्या शेतरस्त्यांवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आहे. जिप्सीचं उत्पादन 2019 मध्ये थांबलं, 2020 मध्ये थार नव्या रूपात आली. त्यामुळे चांगल्या स्थितीतल्या जुन्या गाडीला गिऱ्हाईक असतं. नुकसान होतं ते विकणाऱ्याच्या मनातल्या काही पक्क्या समजुतींमुळे.

त्यातली सगळ्यात महाग पडणारी समजूत अशी: ‘स्टॅम्पवर लिहून देल्लं, नोटरी केली, की आपण सुटलो भाऊ.’

सुटत नाही. स्टॅम्पपेपर हा दोघांमधला पुरावा आहे. गाडीचा मालक कोण, हे आरटीओची नोंद सांगते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे विकणाऱ्याने 14 दिवसांत हस्तांतरण कळवायचं असतं, गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर 45 दिवसांत. घेणाऱ्याला 30 दिवस मिळतात. यासाठीचे अर्ज म्हणजे फॉर्म 29 आणि फॉर्म 30. गिऱ्हाईक आदिलाबादकडचं असेल, तर फॉर्म 28 भरून ना-हरकत प्रमाणपत्रही लागतं. गाडीवर कर्ज असेल तर ते फेडूनच भागत नाही, बँकेचा बोजा फॉर्म 35 ने आरसीवरून उतरवावा लागतो.

नोंद राहिली तर काय होतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिथून पुढे अशी विकली गेली होती, आरसीवर नाव मात्र पहिल्या मालकाचंच होतं. 2009 मध्ये अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावर आली. गाडी विकलेली होती, हे सांगून तो सुटला नाही. सही केलेले कोरे फॉर्म दलालाच्या हातात देऊन घरी येणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल लक्षात ठेवावा. ‘करून घेईन नंतर’ म्हणणाऱ्या माणसाच्या भरवशावर आपलं घर-शेत टांगणीला लावू नये.

दुसरी समजूत रंगाची. किरकोळ दुरुस्ती आहे, तर विकण्याआधी रंग मारून गाडी चकचकीत करावी, म्हणजे भाव वाढेल. उघड्या गाडीच्या बाबतीत बहुधा उलटं घडतं. हुडाच्या शिवणीतून पावसाचं पाणी आत जातं, मॅटखाली साचतं आणि फरशीचा पत्रा गंजतो. जाणता मेकॅनिक आधी मॅट उचलतो, मग दाराच्या खालच्या कडेला चुंबक लावून पुट्टी शोधतो. ताजा रंग दिसला की त्याचा संशय वाढतो. विदर्भाच्या उन्हात पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकच्या खिडक्या, अडकणारी चेन, कडक झालेलं रबर हे दोष उघड सांगावेत आणि तेवढा भाव कमी करावा. खर्च करायचाच तर ब्रेक, दिवे, वायपर आणि पीयूसीवर करावा. 1 एप्रिल 2019 पूर्वीची गाडी असेल तर उच्चसुरक्षा नंबरप्लेटही बसवून घ्यावी. ती नसेल तर आरटीओतली कामं अडतात.

‘आहे तशी विकली’ असं लिहून घेतलं की सगळं माफ, हेही खरं नाही. गंज पुट्टीने बुजवून लपवला, तर भारतीय करार कायद्याच्या कलम 17 मध्ये ती फसवणूक ठरू शकते आणि घेणारा करार रद्द करायला निघू शकतो.

‘पंधरा वर्षं झाली, आता भंगारच’ असं म्हणून कित्येकांनी धडधाकट गाड्या मातीमोल विकल्या, याचं वाईट वाटतं. वयावर सरसकट बंदीचा तो प्रश्न दिल्ली आणि एनसीआरचा. आपल्याकडे खासगी गाडीची तपासणी होते, पर्यावरण कर भरला जातो आणि नोंदणी पाच वर्षांसाठी पुन्हा वाढते. नोंदणी वाढवून विकलेल्या गाडीला भाव मिळतो.

मात्र कुठल्याही गाडीचं छत कापलं की ती जीप होते, हा समज धोक्याचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये सांगितलं की निर्मात्याच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाही. कारखान्यातूनच कापडी हुडासह आलेल्या गाडीचा प्रश्न येत नाही; गॅरेजमध्ये कापलेल्या गाडीच्या हस्तांतरणात तो येऊ शकतो.

विम्याचं एक थोडक्यात: नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. विमा कंपनीकडून तसं पत्र घ्या, तो तुमच्या पुढच्या गाडीला लागतो.

आणि पैसे मिळाले तरी काही दिवसांनी परिवहनच्या संकेतस्थळावर आपल्या एमएच 29 चा नंबर टाकून बघा. नव्या मालकाची नोंद दिसेपर्यंत गाडी विकली असं धरू नका.