जुनी पाती आणि धार लावण्याची विद्या

गोव्यातील जुन्या घराची वाटणी होते, किंवा ते पाडून त्या जागी नवे बांधायला घेतात, तेव्हा तांब्या-पितळेची भांडी जपून बाजूला काढली जातात. शिसवी खुर्च्या, पेटारे, देव्हारे विकत घेणारेही दारी येतात. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातील विळी, पडवीत वाशाला अडकवलेला कोयता आणि गोठ्यातील विळे मात्र भंगारवाल्याच्या तराजूत जातात. गंजलेले लोखंड म्हणून त्यांचा भाव किलोवर ठरतो. वास्तविक त्यांतील कित्येक पाती तास-दोन तासांच्या मेहनतीने पुन्हा कापू लागतील आणि पुढील पिढीच्याही उपयोगी पडतील अशी असतात.

अशी पाती जमवणे, स्वच्छ करणे आणि त्यांना धार लावून वापरात ठेवणे हा एक सुंदर छंद आहे. त्याला पैसा थोडा लागतो, जागाही थोडी लागते. नाणी किंवा तिकिटे जमवणारा आपला संग्रह पाहून समाधान मानतो. पाती जमवणाऱ्याला त्याच संग्रहातील एखाद्या सुरीने रोजचा कांदा चिरता येतो. मात्र हा आनंद मिळवायचा तर पाते कशाने कापते, कशाने बिघडते आणि ते दुरुस्त कसे करावे, हे समजून घेतले पाहिजे.

घरोघरची पाती

कोकणीत जिला ‘आदोळी’ म्हणतात ती विळी गोमंतकीय स्वयंपाकघरातील प्रमुख पाते. सुरी हातात धरून वस्तूवर चालवावी लागते. विळीत पाते स्थिर असते आणि वस्तू दोन्ही हातांनी त्यावर नेली जाते. त्यामुळे फणस, सुरण किंवा मोठा मासा कापताना दोन्ही हातांचे बळ मिळते. टोकाला दातेरी खवणी असल्याने नारळ खवण्यासाठी वेगळे साधन लागत नाही. अनेक घरांत मासळीची विळी वेगळी ठेवण्याची रीत आहे.

कोयत्याचे पाते जड, रुंद आणि टोकाकडे आत वळलेले असते. फांदी तोडताना ही वळलेली चोच फांदीला पकडून ठेवते व घाव निसटू देत नाही. कमरेला मागच्या बाजूस बांधलेल्या आकडीत कोयता अडकवून माडावर चढणारा पाडेली आजही दिसतो. माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराची ‘काती’ याहून निराळी. तिने माडाच्या पोयीचा अगदी पातळ काप काढावा लागतो. काप जाड गेला तर पोय वाया जाते आणि काती बोथट असली तर पोय ठेचली जाऊन रस नीट पाझरत नाही. त्यामुळे कातीची धार हा रेंदेराच्या उपजीविकेचाच भाग असतो.

शेतातील विळ्यांत दोन प्रकार आढळतात. गवत कापण्याचा विळा साध्या धारेचा असतो, तर भातकापणीचा पुष्कळदा दातेरी. साध्या धारेचा विळा दगडावर पाजवता येतो. दातेरी विळ्याचे दात झिजले की ते कानशीने किंवा छिन्नीने पुन्हा पाडून घ्यावे लागतात. यांखेरीज सुपारी कातरण्याचे अडकित्ते, पेरू-कैरीसाठी वापरल्या जाणाऱ्या लहान सुऱ्या आणि खाटकाचे सत्तूर अशी कितीतरी पाती जुन्या घरांत आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारासारख्या ठिकाणी हाती लागतात.

पाते ‘पाणीदार’ कशाने होते

जुनी पाती बहुधा साध्या कार्बनी पोलादाची असतात. लोखंडात साधारण अर्धा ते एक टक्का कार्बन मिसळला की ते तापवून कठीण करता येते. लोहार जुन्या मोटारीच्या स्प्रिंगचे पाटे वापरतात, त्याचे कारण हेच. पाते सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत लालभडक तापवून एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवले की ते अतिशय कठीण होते. पण त्याच वेळी ते काचेसारखे ठिसूळही बनते. म्हणून त्याला पुन्हा बेताची उष्णता द्यावी लागते.

या दुसऱ्या तापवणीत लोहाराचा डोळा हेच मापक यंत्र असते. घासून लख्ख केलेल्या पोलादावर सुमारे २२५ अंशांच्या आसपास गवती पिवळा रंग चढतो, त्यानंतर तपकिरी, मग जांभळा आणि ३०० अंशांच्या सुमारास निळा. सुरीची धार पिवळ्या-तपकिरी रंगावर थांबवतात. घाव सोसावे लागणाऱ्या अवजाराला आणखी पुढे नेतात. या सगळ्या क्रियेला मराठीत ‘पाणी देणे’ म्हणतात. तलवारीला लावला जाणारा ‘पाणीदार’ हा शब्द आपण तेजस्वी माणसालाही लावतो.

१९१३ साली इंग्लंडमधील शेफिल्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियम मिसळलेले, सहजी न गंजणारे पोलाद तयार केले आणि पुढे स्टेनलेसच्या सुऱ्या जगभर पोहोचल्या. त्या वाईट नसतात. उत्तम स्टेनलेस पाते धार चांगली धरते. परंतु बाजारातील स्वस्त सुऱ्यांचे पोलाद मऊ असते. त्यांची धार लवकर मुडपते आणि दगडावर ती लावताना धातू चिकट वाटतो. कार्बनी पाते गंजते खरे, पण दगडाला चटकन दाद देते. धार लावायला शिकणाऱ्यासाठी त्याच्यासारखा दुसरा गुरू नाही.

जुने पाते पारखताना

गंज पाहून पाते टाकून देऊ नये. वरवरचा लाल गंज निघून जातो. खोल खड्डे धारेपर्यंत पोहोचले असतील तर मात्र ते पाते कामास येणे कठीण. पाते डोळ्यासमोर आडवे धरून पाठीकडून टोकापर्यंत पाहावे, म्हणजे ते वाकले आहे का ते कळते. बोटाने हलके टिचकी मारल्यावर आवाज स्वच्छ यावा. फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर असण्याची शंका घ्यावी.

चुंबक चिकटतो म्हणजे पाते कार्बनी, असा एक समज आहे. तो खरा नाही, कारण स्वयंपाकाच्या बहुतेक स्टेनलेस सुऱ्यांनाही चुंबक चिकटतो. त्यापेक्षा घासून स्वच्छ केलेल्या जागी लिंबाचा किंवा कोकमाचा रस लावून काही मिनिटे थांबावे. कार्बनी पोलादावर करडा डाग उठतो. स्टेनलेसवर काहीच उमटत नाही.

धारेजवळ निळे डाग दिसले तर सावध व्हावे. विजेच्या कोरड्या चाकावर घाईने धार लावताना पाते तापते आणि तेवढ्या भागाचे पाणी उतरते. तिथली धार पुन्हा पुन्हा बोथट होते. डाग काठापुरताच असेल तर ओल्या दगडावर तो भाग हळूहळू घासून काढता येतो.

गंज काढण्यासाठी राख किंवा विटेची बारीक पूड आणि थोडी चिंच पुरेशी आहे. आम्लात पाते रात्रभर भिजत ठेवू नये. ते धातूच खाऊन टाकते. काम झाले की स्वच्छ धुऊन, पूर्ण कोरडे करून खोबरेल तेलाचा हात फिरवावा. वापर सुरू झाल्यावर कैरी, कांदा, मासळी यांमुळे पाते काळपट पडते. हा काळा थर घासून काढण्याचे कारण नाही. लाल गंज लोखंड पोखरत जातो, तर हा थर काही अंशी त्याचे रक्षण करतो. मुरलेल्या पात्यावरचा तो निळा-करडा रंग हा संग्राहकांचा विशेष आवडीचा विषय असतो.

धार लावण्याची रीत

धार लावण्याच्या दगडाला मराठीत ‘निसणा’ असा जुना शब्द आहे. पूर्वी नदीकाठचा बारीक कणांचा दगड किंवा कुरुंद वापरला जाई. आज हार्डवेअरच्या दुकानात कार्बोरंडमचा दुपदरी दगड सहज मिळतो. त्याची एक बाजू भरड, दुसरी बारीक असते. पाण्यावर चालणाऱ्या दगडांवर आकडा लिहिलेला असतो. आकडा मोठा तितका दगड बारीक. खोबणी पडलेल्या पात्याला ४००च्या आसपासचा, रोजच्या सुरीला १०००चा आणि शेवटच्या तलम हातासाठी ३००० किंवा त्याहून वरचा दगड घ्यावा. नवशिक्याने १०००च्या एकाच दगडापासून सुरुवात केली तरी चालते.

ओले फडके अंथरून त्यावर दगड ठेवावा, म्हणजे तो सरकत नाही. सर्वांत महत्त्वाचा आहे कोन. स्वयंपाकाच्या सुरीला प्रत्येक बाजूने १५ ते २० अंश, तर कोयत्याला २५ ते ३० अंश ठेवावा. कोन मोजण्यास उपकरण लागत नाही. पाते ५ सेंटिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून सुमारे पावणेदोन सेंटिमीटर वर उचलली की २० अंश होतात. कोन फार निमुळता ठेवला तर धार तीक्ष्ण होते पण हाडावर किंवा करवंटीवर तिचे तुकडे उडतात. फार जाड ठेवला तर पाते कापण्याऐवजी फाडते.

एकाच बाजूने, तोच कोन सांभाळत, टाचेपासून टोकापर्यंत पाते घासत राहावे. काही वेळाने दुसऱ्या बाजूच्या काठावर धातूची केसासारखी पातळ किनार उलटते. अंगठा पाठीकडून काठाकडे हलकेच आडवा सरकवला तर ती बोटाला अडते. अंगठा धारेच्या दिशेने मात्र कधीही ओढू नये. ही किनार संपूर्ण लांबीवर आली, म्हणजे दगड धारेपर्यंत पोहोचला. मग बाजू बदलावी. शेवटी हळूहळू दाब कमी करत एकेक हात दोन्ही बाजूंनी द्यावा आणि चामड्याच्या पट्ट्यावर, धार मागे राहील अशा बेताने, पाते काही वेळा ओढावे. ती किनार गळून पडते. धार लावूनही सुरी दोन दिवसांत बोथट होते अशी तक्रार ऐकू येते. तिचे कारण पुष्कळदा ही न काढलेली किनारच असते.

विळीचे पाते पाटाला जखडलेले असल्याने तिथे दगड पात्यावर चालवावा लागतो. पाट पायाखाली घट्ट दाबावा, दगड मागच्या बाजूने धरावा आणि तो पाठीकडून काठाच्या बाहेर न्यावा. बोटे काठासमोर येऊ देऊ नयेत. वापरून मध्यभागी खोलगट झालेला दगड सपाट फरशीवर वाळू-पाणी टाकून घासला की पुन्हा समतल होतो.

बोथट पात्याने अपघात कमी होतात हा भ्रम आहे. न कापणाऱ्या सुरीवर जोर द्यावा लागतो आणि जोरात दाबलेली सुरी निसटली की तीच खोल घाव करते. बोथट सुरीखाली कांदा चिरडला जातो, म्हणून डोळेही जास्त चुरचुरतात.

जतन आणि नियम

गोव्याच्या पावसाळ्यात लोखंड एका रात्रीत लाल होते. पाती तेल लावून कोरड्या फडक्यात गुंडाळावीत. चामड्याच्या म्यानात दीर्घकाळ ठेवू नयेत, कारण चामडे ओल धरून ठेवते. मुलांचा हात पोहोचणार नाही अशी जागा निवडणे ओघानेच आले. विमानप्रवासात कोणतेही पाते हातातील सामानात नेता येत नाही. शस्त्रविषयक नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे. घरगुती व शेतीकामासाठी घडवलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. तलवारी, कट्यारी यांची गोष्ट वेगळी. त्या घेण्यापूर्वी चौकशी करावी. कोयता असला तरी तो विनाकारण घेऊन रस्त्याने फिरणे शहाणपणाचे नव्हे.

वस्तू आणि विद्या

रोजच्या वापरातील वस्तूंना इतिहासाचे मोल असते, हे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्त्यांकडे पाहून पटते. गोव्यात बाणावलीच्या ‘गोवा चित्र’ संग्रहालयाने शेती आणि गावगाड्यातील अवजारे जपली आहेत. या संस्थांमुळे वस्तू टिकतात. पण काचेमागच्या कोयत्याला धार लावावी लागत नाही आणि त्यामुळे ती लावणारा हात तिथे घडत नाही.

तो हात आता दुर्मीळ होत चालला आहे. माडावर चढणारे रेंदेर कमी झाले, तसे काती घडवणाऱ्या लोहाराचे कामही आटले. चाक घेऊन गल्लोगल्ली फिरणारा धारवाला क्वचितच दिसतो. शस्त्रे उजळणारे शिकलगार तर बहुतेकांना आडनावापुरतेच ठाऊक आहेत. ज्या लोहाराची भट्टी अजून पेटते, त्याच्याकडे नवी मूठ बसवायला किंवा उतरलेले पाणी पुन्हा द्यायला चार माणसे गेली तर तेवढे काम त्याला मिळते आणि त्याच्या बोलण्यातून पोलादाची पारखही शिकता येते. गवती पिवळा रंग नेमका कोणत्या क्षणी पाण्यात बुडवायचा, हे त्याच्याशेजारी उभे राहूनच समजते.

खंडेनवमीला अवजारांची पूजा करण्याची आपली रीत आहे. पूजेपूर्वी ती घासूनपुसून, धार लावून ठेवली जात. म्हणजे वर्षातून एकदा तरी घरातील प्रत्येक पाते कुणाच्या तरी हातून तपासले जाई. हळद-कुंकू वाहण्याआधीचे ते काम पुन्हा सुरू करण्यास फारसे काही लागत नाही. एक दगड आणि थोडे पाणी घ्यावे, अर्ध्या दिवसाची सवड काढावी आणि घरातील मुलालाही शेजारी बसवून घ्यावे.