पेटी नसलेला खजिना

मुंबई-गोवा महामार्गाने आलेली गाडी महाडला वळते ती रायगडासाठी आणि पोलादपूरला वळते ती महाबळेश्वरासाठी. 1996मध्ये रोपवे झाल्यापासून तर रायगड सकाळी पाहून रात्री घर गाठता येते. या दोन तालुक्यांतून माणसे पुष्कळ जातात, पण गावांत पाऊल टाकणारे थोडे. सावित्रीकाठच्या सव गावी ऊन पाण्याचे झरे आहेत, गांधारपाल्याच्या डोंगरात लेणी आहेत, पोलादपुरात ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंदांची समाधी आहे, उमरठला तानाजी मालुसऱ्यांचे स्मारक आहे. नुसते फलक वाढवून हा ओघ इकडे वळणार नाही, कारण फलक वाचून झाला की पाहणेही संपते. माणसाला आडवाटेला नेणारा आणि तिथे डोळे उघडे ठेवायला लावणारा एक खेळ मात्र जगात रुजलेला आहे, तो म्हणजे खजिन्याचा शोध. सव-महाडच्या मुलखाला तो शोभेल, पण एका अटीवर: इथे खजिना पुरायचा नाही.

या खेळाचे जुने रूप इंग्लंडातल्या डार्टमूरच्या माळरानावर सापडते. तिथल्या एका दुर्गम, दलदलीच्या जागी जेम्स पेरॉट नावाच्या वाटाड्याने 1854मध्ये एक बाटली ठेवली. तिथवर पोचलेल्याने आपले नावाचे कार्ड तीत टाकावे, एवढाच खेळ. पुढे मे 2000च्या सुरुवातीला अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि ठिकाण काही मीटरांच्या फरकाने सापडू लागले. लगेच 3 मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगनच्या रानात एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. जिओकॅशिंग सुरू झाले ते असे. पेट्या वाढल्या तशा तक्रारीही वाढल्या. पेटी शोधताना लोक दगड उलथतात, झाडोरा तुडवतात. 2004मध्ये जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिकेच्या साहाय्याने जिओकॅशिंगला ‘अर्थकॅश’ ही नवी शाखा फुटली. तिच्यात काहीच लपवलेले नसते. दिलेल्या जागी जायचे, तिथला खडक किंवा पाणी निरखायचे आणि भूविज्ञानाच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे. हाती लागते ते उत्तरच.

सवचे झरे अशा प्रश्नासाठीच असावेत असे आहेत. जवळपास जिवंत ज्वालामुखी नाही, मग पाणी तापते कशाने? पावसाचे पाणी बेसॉल्टच्या भेगांतून खोल उतरते, तिथल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. वज्रेश्वरी, पालीजवळचे उन्हेरे, सव, राजापूर ही ऊन पाण्याची ठिकाणे नकाशावर जोडली, तर ती किनाऱ्याला साधारण समांतर अशा पट्ट्यात येतात. नुसती आंघोळ करून परतणाऱ्याला हे कळायचे कारण नाही. पण ‘झऱ्याच्या पाण्यात आणि सावित्रीच्या पाण्यात काय फरक दिसतो, आणि या रांगेतले पुढचे ठिकाण कोणते?’ असे विचारले, की तोच माणूस कुंडाच्या काठावर रेंगाळतो आणि नकाशा उघडतो.

गांधारपाल्यात तर कोडे दोन हजार वर्षांपूर्वीच कोरून ठेवले आहे. तिथल्या ब्राह्मी लेखात विष्णुपालित या राजकुमाराने दिलेल्या दानाची यादी आहे: लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या, पाण्याची टाकी आणि लेण्याकडे येणारी वाट. हातात लेखाचा मराठी अर्थ असला, तर यादीतली एकेक गोष्ट डोंगरात शोधता येते, मोजता येते. खुणांवरून जागा धुंडाळणे या मुलखाला नवेही नाही. शिवथरची घळ धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी 1930मध्ये शोधून काढली, ती समर्थ संप्रदायाच्या जुन्या कागदांचा माग काढत.

यावर पहिला आक्षेप येईल तो गुप्तधनाचा. खजिन्याचे नाव काढले की कुदळी निघतात, आणि त्यापायी आपल्याकडे गडांवर, देवळांत खणाखणी झालेली आहे. भीती रास्त आहे. कायदाही कडक आहे: जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा कलेक्टरांना कळवलाच पाहिजे, असे 1878चा कायदा सांगतो, आणि संरक्षित स्मारकाची नासधूस करणे 1958च्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणूनच पेटी नको. जिथे पुरलेले काही नाही हे सगळ्यांना आधीच ठाऊक आहे, तिथे खणायला कोण जाईल?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या महाडात 20 मार्च 1927 रोजी माणसांनी पाण्याच्या हक्कासाठी चवदार तळ्यावर ओंजळ भरली, तिथे कोडी घालणे हा थिल्लरपणा नव्हे का? गुण, घड्याळ आणि बक्षीस लावले तर नक्कीच होईल. चवदार तळे आणि समाधिस्थळे शर्यतीबाहेरच ठेवावीत. पण प्रश्न विचारणे म्हणजे खेळखंडोबा नव्हे. सत्याग्रह 1927चा आणि उच्च न्यायालयाचा निकाल थेट 1937चा, मधली दहा वर्षे काय चालले होते, हे ज्याला शोधावे लागते त्याच्या मनात ते तळे सेल्फी काढून निघणाऱ्यापेक्षा जास्त काळ राहते.

तिसरी अडचण पावसाची. जुलै 2021मध्ये महाड पुरात बुडाले, तळियेवर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही माणसे दगावली. तेव्हा जून ते सप्टेंबर हा खेळ बंद, आणि घाटउतारावरची, नदीपात्रातली ठिकाणे बाराही महिने वर्ज्य, हा नियम हवा. तो पाळायचा तर प्रश्न पुण्या-मुंबईत बसून काढता येणार नाहीत. कुठली पाणंद खाजगी आहे, कुठल्या कुंडावर बायका कधी आंघोळीला येतात, कुठल्या देवराईत चप्पल घालून जात नाहीत, हे गावालाच माहीत असते. शाळेच्या मुलांनी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून प्रश्न काढावेत, ग्रामपंचायतीने ते तपासावेत आणि नको असलेला प्रश्न खोडण्याचा अधिकार तिच्याकडेच राहावा. मग हिशेबही वेगळा ठेवता येईल. किती गाड्या आल्या हे रायगडाच्या पायथ्याशी मोजले जातेच; सवने किती उत्तरे बरोबर आली ते मोजावे.