असं का होतं? : आभार मानताना जीभ का अडते?

शाळेतल्या गणिताच्या बाई बऱ्याच वर्षांनंतर बाजारात भेटतात. ‘तुमच्यामुळे मला गणित आलं’ हे ओठांवर येतं, आणि आपण विचारतो, ‘तब्येत काय म्हणते?’

अमित कुमार आणि निकोलस एप्ली या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ साली यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. आपल्यासाठी मोलाचं काही केलेल्या माणसाला आभाराचं पत्र लिहा, आणि ते वाचून त्याला काय वाटेल याचा अंदाजही सांगा, असं त्यांनी लोकांना सांगितलं. मग पत्र मिळालेल्यांनाच विचारलं. त्यांना वाटलेला संकोच अंदाजापेक्षा कमी निघाला. आनंद आणि आश्चर्य जास्त.

अंदाज चुकतो, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टी तपासत असतात. पोळी लाटणाऱ्याला तिची वाकडी कड दिसते, भुकेल्याला ती गरम आहे एवढंच कळतं. तसं लिहिणारा शब्दांत अडकतो. वाचणाऱ्यापर्यंत आपुलकी आधी पोचते. शिवाय ‘बाईंना ठाऊकच असेल’ हे आपणच गृहीत धरतो. त्यांना ते बहुधा ठाऊक नसतं. आश्चर्य वाटतं ते त्यामुळेच. आपल्याकडे तर ‘घरच्या माणसांचे कसले आभार?’ ही सोयीची पळवाटही आहे.

मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली वेगळा प्रयोग मांडला होता : पत्र लिहून स्वतः नेऊन द्यायचं. देणाऱ्यांचा आनंद चांगलाच वाढला. तो महिनाभर टिकला, तीन महिन्यांनी मात्र ओसरलेला होता. तेव्हा एकाच पत्रावर थांबू नका.