सूक्ष्म जंतूंचा संसार

‘जंतू’ हा शब्द कानी पडताच सुशिक्षित घरात प्रथम आठवण होते ती रोगाची. पाणी उकळून घ्यावे, जखम स्वच्छ धुवावी, उघड्यावरचे अन्न खाऊ नये, हे सारे नियम जंतूंच्या भयातून आले आहेत, आणि ते योग्यच आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जंतुशास्त्राचा मुख्य प्रश्नही हाच होता की, कोणता जंतू कोणता रोग उत्पन्न करतो आणि त्याचा नाश कसा करावा. परंतु याहून वेगळा असा आणखी एक प्रश्न आहे. जंतू हाही एक सजीव आहे. तो खातो काय, खाल्लेल्या अन्नातून शक्ती कशी मिळवितो, आणि एवढ्याशा देहात त्याचा संसार चालतो तरी कसा? हा प्रश्न वैद्याचा कमी आणि रसायनशास्त्रज्ञाचा अधिक आहे. ज्यांनी आपले आयुष्य त्याला वाहिले, त्यांच्यामध्ये केंब्रिजच्या मार्जरी स्टीफन्सन या विदुषींचे स्थान फार वरचे आहे.

स्टीफन्सनबाईंचा जन्म १८८५ साली केंब्रिजजवळच्या बर्वेल या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. १९०३ ते १९०६ या काळात न्यूनहॅम कॉलेजात त्यांनी विज्ञानाचे शिक्षण घेतले. वैद्यकीकडे जाण्याची त्यांची इच्छा होती. पण पैशाच्या अडचणीमुळे त्यांना काही वर्षे गृहशास्त्राची शिक्षिका म्हणून काढावी लागली. पुढे लंडनमध्ये त्यांना संशोधनाची संधी मिळाली, तोच पहिले महायुद्ध सुरू झाले. तेव्हा रेडक्रॉसच्या सेवेत शिरून त्या फ्रान्समध्ये व नंतर सॅलोनिका येथे राहिल्या. १९१९ साली त्या केंब्रिजला परत आल्या आणि सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्या जीवरसायन विभागात काम करू लागल्या. त्या काळी केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना पूर्ण पदवी देत नसे. तथापि हॉपकिन्स यांच्या विभागात स्त्रियांना मुक्तद्वार होते. याच विभागात पुढे १९३७ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर कमला भागवत, म्हणजेच विवाहानंतरच्या कमला सोहोनी, संशोधनासाठी गेल्या आणि १९३९ साली त्यांनी तेथील डॉक्टरेट मिळविली.

स्टीफन्सनबाईंचे कार्य समजण्यासाठी प्रथम एन्झाइम म्हणजे काय हे पाहिले पाहिजे. भाकरीचा घास बराच वेळ चावला की तो गोड लागू लागतो. लाळेतील एक द्रव्य पिठाची साखर करू लागते, म्हणून ही गोडी येते. ते द्रव्य स्वतः खर्ची पडत नाही. एक काम संपवून ते लगेच दुसऱ्या कामाला लागते. अशा द्रव्याला एन्झाइम म्हणतात. जी रासायनिक घडामोड करण्यास प्रयोगशाळेत भट्टी किंवा तीव्र आम्ल लागते, तीच घडामोड सजीवांच्या देहात साध्या उबेवर होते, ती या एन्झाइमांमुळेच. त्यातही प्रत्येक एन्झाइमाचे काम ठरलेले असते. एकाचे काम सहसा दुसऱ्याला येत नाही. अन्न मोडणे, त्यातून शक्ती घेणे आणि नवा देह घडविणे या अखंड व्यवहारास चयापचय असे नाव आहे.

आता अडचण अशी की, आतड्यात राहणारा ‘कोलाय’ नावाचा जंतू इतका बारीक असतो की एका मिलिमीटरात असे सुमारे पाचशे जंतू ओळीने मावतील. शिवाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. ही वाढ आणि अन्नाचे पचन एकाच वेळी चालू असता कशाचा परिणाम कोणता हे कळावे कसे? यावर केंब्रिजच्या मंडळींनी एक युक्ती योजिली. जंतू वाढवावयाचे, यंत्रात वेगाने फिरवून तळाशी बसवावयाचे, क्षाराच्या पाण्याने धुवावयाचे आणि स्वच्छ पाण्यात पुन्हा कालवावयाचे. अशा धुतलेल्या जंतूंची वाढ थांबते, पण त्यांची एन्झाइमे काम करीत राहतात. मग त्यांस एका वेळी एकच पदार्थ द्यावा आणि त्याचे काय होते ते मोजावे. याच्या पुढची पायरी म्हणजे एन्झाइम जंतूच्या देहाबाहेर काढणे. तेही बाईंनी १९२८ साली साधले. दह्यातील आंबटपणाचे जे आम्ल असते, त्यावर काम करणारे कोलाय जंतूचे एन्झाइम त्यांनी पेशीवेगळे करून दाखविले.

१९३१ साली त्यांनी व त्यांचे सहकारी लेनर्ड स्टिकलंड यांनी एक नवेच एन्झाइम जाहीर केले. हायड्रोजन वायू साध्या उष्णतेत मोठा आळशी असतो. त्यास कामाला लावण्यासाठी रसायनशास्त्रज्ञास प्लॅटिनमसारखी धातू लागते. परंतु धुतलेले कोलाय जंतू, मेथिलीन ब्लू नावाचा निळा रंग आणि हायड्रोजन एका नळीत बंद केले असता निळा रंग नाहीसा होतो. याचा अर्थ असा की, जंतूने हायड्रोजन उचलून रंगद्रव्यास दिला. हे काम करणाऱ्या एन्झाइमास त्यांनी ‘हायड्रोजिनेज’ हे नाव दिले. त्याच सुमारास ऊझ नदीत बीटपासून साखर करणाऱ्या कारखान्याचे सांडपाणी मिसळून पाणी कुजत होते. तेथील जंतूंचा अभ्यास करून त्यांनी दाखविले की, हे जंतू कर्बाच्या साध्या संयुगांना हायड्रोजन जोडून मिथेन हा जळणारा वायू तयार करतात.

परंतु बाईंच्या कार्यातील सर्वांत गहन प्रश्न याहून निराळा आहे. फॉर्मिक आम्लाचा क्षार घातलेल्या रसात कोलाय जंतू वाढविले, तर ते आम्ल फोडून हायड्रोजन सोडणारे एन्झाइम त्यांच्यात सापडते. एरवी ते जवळजवळ सापडत नाही. हे एन्झाइम येते कोठून? एखाद्या गावात पूर्वी चार घरी माग होते आणि आज घरोघर आहेत, असे समजा. याचे अर्थ दोनच होऊ शकतात. एक तर विणकरांचीच कुटुंबे वाढली व इतर नाहीशी झाली, किंवा जुनेच गावकरी विणकाम शिकले. निर्णय कसा करावा? शिरगणतीचे पुस्तक उघडावे. माणसे तितकीच असतील आणि माग वाढले असतील, तर दुसरा अर्थ खरा.

बाईंनी व स्टिकलंड यांनी हेच केले. जंतूंची संख्या वाढणार नाही अशा बेताने त्यांनी फॉर्मिक क्षार व रस दिला, पेशींची मोजदाद केली, आणि काही तासांत एन्झाइम प्रगट होताना पाहिले. पुढे १९३६ साली जॉन युडकिन यांच्यासह त्यांनी यीस्टवर प्रयोग केला. गॅलॅक्टोज नावाची साखर दिल्यावर यीस्टच्या पेशी, संख्येने न वाढताच, ती आंबविण्यास समर्थ झाल्या. अर्थात या पेशींना ते सामर्थ्य मुळातच होते. गरज पडली तेव्हाच त्यांनी ते वापरात आणले. ज्या एन्झाइमाची जरुरी नाही ते घडविण्यात जंतू शक्ती दवडीत नाही, इतका तो आपल्या संसारात काटकसरी आहे.

जंतूस ही जरुरी कळते कशी, याचा उलगडा व्हावयास आणखी पंचवीस वर्षे लागली. १९६१ साली पॅरिसच्या फ्रान्स्वा झाकोब व झाक मोनो यांनी दाखविले की, एन्झाइम घडविण्याच्या आज्ञा जंतूच्या आनुवंशिक द्रव्यात लिहिलेल्या असतात आणि त्या चालू वा बंद करणारी यंत्रणाही तेथेच असते. या कार्याबद्दल त्यांना आंद्रे ल्वॉफ यांच्यासह १९६५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. मनुष्याच्या देहात यकृताची पेशी व मेंदूची पेशी यांच्याजवळ आज्ञांचा ग्रंथ बहुतेक एकच असूनही त्यांची कामे इतकी भिन्न का, या विचारालाही येथूनच दिशा मिळाली.

स्टीफन्सनबाई तो दिवस पाहण्यास राहिल्या नाहीत. त्यांचा ‘बॅक्टेरियल मेटाबॉलिझम’ हा ग्रंथ १९३० साली निघाला आणि त्यावर विद्यार्थ्यांची एक पिढी शिकली. १९४५ साली रॉयल सोसायटीने आपल्या इतिहासात प्रथमच दोन स्त्रियांना सदस्यत्व दिले. एक कॅथलीन लॉन्सडेल आणि दुसऱ्या स्टीफन्सनबाई. डिसेंबर १९४८ मध्ये त्यांचे देहावसान झाले. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास आरंभ केला तोही याच वर्षी.

आज हायड्रोजनचा इंधन म्हणून विचार करणारे शास्त्रज्ञ हायड्रोजिनेजचा बारकाईने अभ्यास करीत आहेत. कारण प्लॅटिनमचे काम हे एन्झाइम लोखंड व निकेल यांसारख्या स्वस्त धातूंच्या अणूंवर भागविते. खेड्यातील गोबरगॅसच्या टाकीतही काही जंतू हायड्रोजन सोडतात आणि दुसरे तो उचलून त्याचा मिथेन करतात. त्याच वायूवर चूल पेटते. रोगजंतूंपासून सावध राहावेच. परंतु जंतूंच्या अफाट जातींपैकी रोग करणाऱ्या जाती थोड्या आहेत, आणि बाकीच्यांच्या मूक उद्योगावर शेते, नद्या आणि आपली स्वतःची आतडीही अवलंबून आहेत, हे सुशिक्षित गृहस्थाने व गृहिणीने विसरू नये.